अडेनियम: गड्ड्याचं झाड कुंडीत कसं जगवायचं



सध्या कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं, की बचत, वसुली, रजिस्टर सगळं आटोपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ते जाड बुडाचं, गुलाबी फुलांचं झाड घेतलं होतं. दोन महिने छान फुललं आणि पावसाळ्यात बसलं. काय झालं असेल त्याला?" ते झाड म्हणजे अडेनियम. नर्सरीवाले त्याला डेझर्ट रोझ म्हणतात, कुणी वाळवंटी गुलाब म्हणतं, आणि आठवडी बाजारातला हातगाडीवाला तर सरळ 'बोन्साय' म्हणून विकतो. बोन्साय नाही ते, आणि गुलाबही नाही.

यंदा आपल्या दोन गटांनी अडेनियमची रोपं तयार करून विकायची म्हणून ग्रामसंघाकडे कर्जाची मागणी लावली आहे. म्हणजे आता हा अंगणातल्या एका कुंडीचा प्रश्न राहिला नाही, गटाच्या पैशाचा झाला. शिवाय होळी झाली की ऊन तापायला लागतं, आणि अडेनियमची कुंडी बदलायची वेळ तीच. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

बुडातला रांजण

या झाडाचं सगळं गुपित त्या फुगलेल्या बुडात आहे. नर्सरीवाले त्याला कॉडेक्स म्हणतात, आपण गड्डा म्हणू. खोडाचा खालचा भाग आणि वरची मुळं मिळून हा गड्डा होतो आणि त्यात झाड पाणी साठवून ठेवतं. आपल्याकडे काही गावांत, किल्ल्यांवर गोरखचिंचेची जुनी झाडं आहेत. हत्तीच्या पायासारखं खोड, आणि बरेच महिने अंगावर पान नाही. तीसुद्धा खोडातच पाणी साठवते, आणि तिचंही माहेर आफ्रिकाच. अडेनियम हे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. तिथे पाऊस थोडे दिवस पडतो आणि मग कित्येक महिने पडत नाही. जे मिळेल ते भरून ठेवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं, असा त्याचा संसार.

आता अशा झाडाला आपण काय करतो? सकाळी तुळशीला पाणी घालतो आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या कुंडीत ओततो. रोज. कुंडी आवडीची, म्हणून संध्याकाळी भांड्यांचं पाणी पण तिलाच. रांजण भरलेला असताना वरून ओतत राहिलं तर पाणी ओट्यावर सांडेल, एवढंच. पण गड्ड्याचं तसं नाही. त्याच्याभोवतीची माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि गड्डा आतून सडतो. वरून पानं हिरवी दिसतात, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा बोट लावलं तर गड्डा पिकलेल्या केळ्यासारखा दबतो. मी पाहिलेली बहुतेक अडेनियमं तहानेने नाही, पाण्यानेच गेलीत.

पण 'पाणी कमी' याचा अर्थ 'पाणी नाही' असाही कुणी घेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात, नवी पालवी आणि कळ्या असताना, हे झाड बऱ्यापैकी पाणी पितं. नियम दिवसांचा नाही, मातीचा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीच्या खालून पाणी येईपर्यंत भरपूर घाला, ओल लागली तर तांब्या परत न्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाळी येईल, थंडीत दहा-पंधरा दिवसांनी. थंडी जास्त पडली तर झाड पानं गाळतं, ते झोपलेलं असतं. त्या वेळी 'बिचारं सुकलं' म्हणून पाणी घालणारीच त्याला मारते. आणि भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी कधीच नको.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बियांपासून नुकतं उगवलेलं रोप, ज्याचा गड्डा अजून बोराएवढाही नाही, त्याच्याकडे साठाच नसतो. अशा रोपांची माती पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही.

चीक विषारी आहे, हे आधी वाचा

कुंडी बदलताना मुळं कापावी लागतात, म्हणून हे आधी सांगते. अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातलं आहे. १७७५ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद छापली गेली, तेव्हा ती कण्हेरीचाच एक प्रकार म्हणून केली होती. कण्हेर आणि बिट्टी विषारी, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. बिट्टीच्या बिया खेळायला घेतल्या की पोरांना ओरडा बसतोच. अडेनियमचं विषही त्याच जातीचं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं. आफ्रिकेत काही ठिकाणी शिकारीला जाताना याचा चीक आटवून बाणाच्या टोकाला लावत असत. नर्सरीत मात्र हे कुणी सांगत नाही, रोप हातात देताना एक शब्द तरी बोलावा.

घाबरून झाड फेकून द्यायला सांगत नाही मी. कण्हेर आपण अंगणात लावतोच. पण काम करताना हातात रबरी मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. चिकाचा हात डोळ्याला लावू नका, नंतर साबणाने स्वच्छ धुवा. स्वयंपाकघरातली विळी किंवा सुरी यासाठी वापरू नका, एक ब्लेड किंवा कटर वेगळा ठेवा. छाटलेल्या फांद्या-पानं शेळ्यांपुढे टाकू नका, चुलीतही घालू नका, खड्ड्यात पुरा. शेळी मोकळी फिरत असेल तर कुंडी उंच ओट्यावर किंवा गच्चीवर ठेवा. रांगतं मूल असेल तरी तेच. कुणाच्या पोटात गेलंच, उलट्या झाल्या, गरगरलं, तर ताक-मीठ-पाणी देत घरी बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा, आणि झाडाची एक डहाळी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे काय खाल्लं ते डॉक्टरांना कळेल.

कुंडी बदलणं

नवीन आणलेलं झाड बहुतेक वेळा कोकोपीटमध्ये असतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा, हलका असतो, वाहतुकीला सोपा, म्हणून नर्सरीवाले वापरतात. पण तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्या पावसाळ्यात तोच घात करतो. म्हणून आणलेलं झाड पावसाळ्याच्या आत, म्हणजे फेब्रुवारी अखेरपासून मे महिन्यापर्यंत, आपल्या मातीत हलवून घ्यावं. भर पावसात आणि कडाक्याच्या थंडीत या कामाला हात घालू नये, कारण कापलेली मुळं त्या दिवसांत लवकर सुकत नाहीत.

मातीचं आधी बघू. आपली काळी माती कापसाला चांगली, अडेनियमला वाईट. ओली झाली की चिकट, सुकली की दगड. मी सांगते ते प्रमाण घमेल्याने मोजा: तीन घमेली खडबडीत काहीतरी, एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा आपल्याच गटांचं गांडूळ खत, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. खडबडीत म्हणजे काय? घराशेजारी मुरूम असेल तर तो चाळून वाटाण्याएवढे खडे घ्या. फुटक्या विटांचे तुकडे चालतात, कोकणातल्या ताईंनी जांभ्याचे घ्यावेत. जाड नदीची वाळू चालते, समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. बारीक भुकटी चाळून टाकायला विसरू नका, नाहीतर तीच खाली बसून भोकं बंद करते. ताजं शेण अजिबात नको. मिश्रण जमलं का ते बघायला कुंडीत भरून एक मग पाणी ओता. पाणी वर न थांबता लगेच खालून यायला लागलं तर जमलं. वर तळं साचलं तर अजून खडे घाला.

कुंडी खोल नको, पसरट हवी. गड्डा आणि मुळं आडवी पसरतात, खोल कुंडीत तळाची माती उगाच ओली राहते. गड्ड्यापेक्षा चहूबाजूंनी दीड-दोन बोटं जागा राहील एवढीच कुंडी घ्या. 'मोठीच घेऊ, परत बदलायला नको' हा विचार इथे चालत नाही. मातीची कुंडी सगळ्यात चांगली, कारण तिच्या अंगातून ओल उडते. नसेल तर जुनं टोपलं, रंगाचा डबा अर्धा कापून, काहीही चालेल. तळाला चार-पाच भोकं हवीत, एक नाही. आणि खाली ताटली ठेवू नका.

आता मूळ काम. कुंडी बदलायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद करा. माती सुकली की सुटी होते आणि झाड न तुटता निघतं. काढण्याआधी गड्ड्याच्या ज्या बाजूला दुपारचं ऊन लागतं तिथे खडूने एक खूण करा. नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे ठेवायची, कारण सावलीतली कोवळी बाजू एकदम उन्हात आली तर भाजते, आणि भाजलेल्या जागेवरून सड सुरू होते.

कुंडी आडवी करून बाहेरून थोपटा आणि झाड गड्ड्याला धरून काढा, फांदीला धरून ओढू नका. जुनी माती हाताने झाडून टाका, लागलं तर मुळं पाण्याने धुवा. आता मुळं नीट बघा. टणक, आतून पांढरी, ती चांगली. काळपट, पोकळ, वास येणारी, ती कापून टाका, आणि पांढरा स्वच्छ भाग दिसेपर्यंत कापा. कापताना जीव कळवळतो, माहीत आहे. पण सडलेला नखभर भाग जरी राहिला तरी तो महिन्याभरात बाकीचं खातो. केसासारखी बारीक मुळं थोडी कापली गेली तर काही बिघडत नाही, नवी फुटतात. सरळ खाली जाणारं एक जाड मूळ असेल तर त्याचं टोक छाटलं की बाजूची मुळं जाड होतात आणि बूड पसरट दिसतं. बाजारात अशा बुडाला मागणी असते.

यानंतरची पायरी आपल्या हाताला सगळ्यात अवघड जाते, कारण तिच्यात काही करायचंच नसतं. झाड तसंच, मातीशिवाय, सावलीत वारा लागेल अशा जागी पाच ते सात दिवस ठेवून द्यायचं. टांगून ठेवलं तरी चालतं. कापलेल्या जागा सुकून त्यांच्यावर खपली धरते, आणि खपली धरलेल्या मुळातून बुरशी आत शिरत नाही. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं बुरशीनाशक लावतात. बऱ्याच ताई हळद लावतात, लावायला हरकत नाही, पण खरं काम सुकण्याने होतं. हळद लावून लगेच ओल्या मातीत लावलं तर हळदीचा उपयोग नाही. "आठवडाभर मातीबाहेर राहिलं तर मरेल ना?" असं सगळ्या विचारतात. नाही मरत. त्याचा रांजण भरलेला आहे.

लावताना मिश्रण कोरडंच घ्या. गड्डा पूर्वीपेक्षा बोटभर वर ठेवून लावा, म्हणजे दर वेळी थोडी मुळं उघडी पडतात आणि झाडाला ते म्हाताऱ्या वडासारखं रूप येतं. गड्डा सगळा मातीत पुरला तर रूपही जातं आणि सडण्याची भीतीही वाढते. झाड हलत असेल तर दोरीने कुंडीला बांधा. पाणी? आज नाही. पाच-सहा दिवसांनी पहिलं पाणी. तोवर सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, मग हळूहळू पूर्ण उन्हात. नंतर मात्र रोज पाच-सहा तास ऊन हवंच, नाहीतर फांद्या लांबट होतात आणि फुलं येत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत काही पानं पिवळी होऊन गळतील. त्याने घाबरून परत तांब्या उचलू नका.

हे काम दर वर्षी करायची गरज नाही. दोन वर्षांनी एकदा पुरतं.

पावसाळ्याचे चार महिने

कुंडी छपराखाली, पण उजेडाच्या जागी सरकवा. पागोळ्या पडतात तिथे ठेवू नका, वरचं सगळं पाणी एकाच कुंडीत जातं. जागाच नसेल तर कुंडी दोन विटांवर ठेवा आणि लागोपाठ पावसात वरून प्लॅस्टिकचा कागद तिरका बांधा. दर आठवड्याला गड्डा अंगठ्याने दाबून बघायची सवय लावा. गड्डा सगळीकडून सारखा थोडा मऊ, साल सुरकुतलेली आणि माती कोरडी, तर ती तहान आहे, पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत भरतो. एकाच जागी लिबलिबीत आणि माती ओली, तर ती सड. तेव्हा महिना कुठला ते बघायचं नाही, लगेच काढायचं, सडका भाग कापायचा आणि सुकवायचं. अर्धा गड्डा उरला तरी झाड वाचू शकतं.

कीड फार नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने घासून काढा. कधी कधी एक मोठी हिरवी अळी रात्रीत झाड बोडकं करते. कण्हेरीवर दिसते तीच ही अळी, हाताने वेचली तरी पुरे.

विक्रीचा विचार करणाऱ्या गटांसाठी

बियांपासून केलेल्या रोपालाच असा गोल गड्डा येतो. फांदी लावून झाड जगतं, पण तसं बूड सहसा येत नाही. उलट बियांच्या रोपाला आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते. म्हणून रंगीत, दुहेरी पाकळ्यांची झाडं कलम करून बनवतात: खाली बियांचं रोप, वर हव्या त्या रंगाची फांदी. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो खुडून टाकायचा, नाहीतर तो जोर धरतो आणि महागाचं कलम साध्या गुलाबी फुलांवर येतं. कलम कसं बांधायचं हे कागदावर शिकवता येत नाही, ते हाताखाली बसून शिकावं लागतं.

मोबाइलवर निळ्या आणि सप्तरंगी अडेनियमच्या बियांच्या जाहिराती येतात. निळं अडेनियम नसतं, ताईंनो. आपल्या एका गटाने अशी पाकिटं मागवली, त्यातून काही उगवलंच नाही, आणि पैसे परत मागायला पत्ताही नव्हता.

आता कर्जाचं. ताजी बी आठवडा-दहा दिवसांत उगवते, त्यामुळे सुरुवातीला उत्साह असतो. पण फूल यायला साधारण एक ते दोन वर्षं लागतात, आणि बाजारात किंमत फुलाला आणि गड्ड्याला आहे. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो. हप्ता महिन्याचा आणि झाड वर्षाचं, ही गाठ कशी बसवणार, हे अर्जात लिहिलेलं नाही. दोन्ही गटांना मी बैठकीत हेच विचारलं आहे. माझं स्वतःचं मत असं, की पहिल्या वर्षी प्रत्येकीने आपल्या बचतीतून वीस-पंचवीस बियाच लावाव्यात. एक पावसाळा जाऊ द्यावा. दिवाळीला रोपं मोजावीत, किती उगवली, किती जगली, खर्च किती झाला ते वहीत लिहावं, आणि तो आकडा घेऊन ग्रामसंघाकडे यावं. मग कर्ज किती मागायचं आणि हप्ता कधीपासून ठेवायचा हे तुम्हीच ठरवू शकाल.

या धंद्यात गावातल्या बाईच्या बाजूची एक गोष्टही आहे. गुलाबाचं रोप विकायचं तर मातीसकट, ओलं ठेवून, टेम्पोतून न्यावं लागतं. अडेनियम माती झाडून, मुळं सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातलं की काही दिवस मजेत राहतं. म्हणजे ते कुरिअरने पाठवता येतं. गिऱ्हाईक तालुक्यालाच असायला हवं असं नाही.

बिया विकत घ्याव्या लागू नयेत म्हणून घरच्या झाडाकडेही लक्ष ठेवा. फुलं गेल्यावर कधी कधी बैलाच्या शिंगांसारखी जोडीने शेंग धरते. ती पिकायला दोन-तीन महिने लागतात, आणि पिकली की एका दुपारी तडकते. आतल्या बियांना दोन्ही टोकांना केसांचे झुपके असतात, वारा आला की गेल्या शेजारच्या शेतात. म्हणून शेंग पिवळट व्हायला लागली की जुन्या ओढणीचा पातळ तुकडा तिच्याभोवती सैल बांधून ठेवा. बिया निघाल्या की महिन्याभरात पेरून टाका, जुनी बी नीट उगवत नाही.